मुकी घोडी

अंबड, ९ जानेवारी २०२५

मूलचंदशेठ,

जय जिनेंद्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तुम्ही न वाचताच बाजूला ठेवाल, हे धरूनच लिहायला बसलोय. फोन तुम्ही उचलत न्हाई. मोबाइलवर धाडलेलं वाचता, खाली निळ्या खुणा उमटतात, जवाब काही येत न्हाई. कागदाचं बरं असतं. फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तुमच्या नातीच्या, मुस्कानच्या लग्नाची पत्रिका पोचली. अक्षत स्वतः आल्ता द्यायला, सोबत काजूकतलीचा डबा. वसंत पंचमी, शहागडच्या अलीकडं तुमच्याच रानात मंडप. म्हणाला, "काका, नवरदेवासाठी घोडी तुमचीच. चांदणीच पाहिजे." मी म्हणालो, "अरे, तुझ्या वरातीला लगाम कुणी धरला होता? तुझ्या लेकीच्या दारी तोरण मारायला नवरदेव दुसऱ्याच्या घोडीवर आला तर मी अंबडात तोंड कुठं दाखवू?" हसला. तुमच्यासारखाच हसतो, पण डोळे तेवढ्यात फोनवर.

गुडघ्याचं आपरेशन झाल्यापासून तुम्ही पुण्याला लेकीकडं, म्हणून रानात काय चाललंय ते तुमच्या कानावर आलं नसावं. माझ्या कानावर आलंय. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. डोक्यावर गॅसबत्ती घेऊन वरातीत चालायचो तेव्हापासून बँडमधला कोणता झांजवाला बेसूर वाजवतोय ते मला पुढच्या चौकातून कळतं. त्या कानांच्या जोरावर गॅसबत्तीवरून नऊ घोड्यांपर्यंत आलो. घोडी आजारी पडायच्या आधी तिच्या श्वासावरून मला समजतं, एवढीच माझी विद्या.

अक्षतनं तुमच्या रानात पाहुण्यांसाठी घोडेस्वारी काढली, त्याला घोड्या माझ्याच जातात. लग्नसराई चार महिने, घोड्या बाराही महिने खातात. म्हणून देतो. रोज आमचा गडी कल्याण त्यांना घेऊन जातो. परवा त्याच्या सासरी कार्य होतं, म्हणून मी स्वतः गेल्तो.

संभाजीनगरची मंडळी होती. अंगाला अत्तरं अशी लावलेली की घोड्या शिंकत होत्या. हातात वेफरचे पुडे, गळ्यात दुर्बिणी. माळावर काळविटांचा कळप दिसला, दोन मोर उडाले, उसाच्या कडेनं एक दांडगा रोही मान वर करून आमच्याकडं बघत होता. कुणी मान वळवली न्हाई. एक बाई मला विचारते, "काका, लांडगा किती वाजता येतो?"

मी म्हणालो, "बाई, तो काय शहागडची एसटी आहे?"

सगळे खदाखदा हसले. मीही हसलो.

शेठ, तो टायमावर आला.

त्या मोठ्या बाभळीपाशी पोचायच्या आधी मला माशांचा आवाज ऐकू आला, मंग वास आला. मेलेल्या कोंबड्या. पोत्यानं ओतलेल्या, पिसं चिकटलेली, पोटं फुगलेली, काही तर आतल्या किड्यांनी हलत होत्या. आणि आमच्या घोड्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या तशी पलीकडच्या घळीतून लांडगी बाहेर आली. मागं नर, मागं तीन पिल्लं. शेपूट खाली घालून, पाठ वाकवून, उकिरड्यावरच्या कुत्रीसारखी. कमरेवरचे केस झडलेले. तिनं आमच्या तोंडाकडं बघितलं न्हाई, घोड्यांकडं बघितलं न्हाई. हातांकडं बघत होती. कोण काय टाकतंय.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं वेफर फेकला. तिनं तो खाल्ला.

आणि चांदणीनं कान हलवला न्हाई. लांडगा चार हातांवर आणि माझी घोडी उभ्या उभ्या लीद टाकून राह्यली. मला खाली उतरून ओकारी आली. पाहुण्यांना वाटलं, काकांना पित्त झालंय. त्या बाईनं मला लिमलेटची गोळी दिली.

तुम्हाला आपला लांडगा आठवतो का? जांब समर्थहून परत येताना, रूपीवर तुम्ही होता, रूपी म्हणजे ह्या चांदणीची आजी. घळीच्या काठावर तो एकटा उभा होता. रूपीच्या अंगावर असा काटा आला की खोगीर थरथरलं, तुमच्या मांड्यांना ते लागलं असेल. तुम्ही नवकार म्हणायला लागलात. त्यानं आपल्याला बघितलं, कंटाळला, आणि पाठ फिरवून निघून गेला. घाई न्हाई, पळणं न्हाई. मंग तुम्ही म्हणालात, "काका, दिवसभर दुकानात बसतो, येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायला येतो. ह्याला माझं काहीच नको होतं. लई बरं वाटलं."

ह्याला आता तुमच्या रानात वेफर पाहिजे, शेठ. एवढंच सांगायचं होतं.

तुमचा
काकासाहेब

अंबड, १६ जानेवारी

मूलचंदशेठ,

तुमची ओळ मिळाली. एकच ओळ, पण कुरिअरनं धाडली ह्याचं बरं वाटलं. 'अक्षतचं वाईट बोलायला तुम्हाला निमित्त लागत नाही.'

बराबर आहे. चार वर्षांपूर्वी ही जागा तुम्ही त्याच्या हातात दिली, त्या जेवणाच्या पंगतीत मी शंभर माणसांपुढं बोललो की पोरगं विकायला बसलं की काय विकू नये हे त्याला कळत न्हाई. तुम्ही ताटावरून उठलात. लाडबाईंनी, तुमच्या घरच्यांनी, मला हात जोडून गप्प बसवलं. त्या गेल्या तेव्हा मी दाराशी आलो होतो, तुम्ही माझ्याकडं न बघता आत गेलात. मी पंगतीत बोलायला नको होतं. बोललो ते मात्र आजही मागं घेत न्हाई. तुम्ही चिडा.

तुमची ओळ वाचल्यावर अक्षतला गाठला. म्हटलं, बापाकडं तक्रार करण्याआधी त्याच्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं, ते आता करू. ऑफिसात बसला होता, एसी लावून. मला ताक पाजलं. पोरगं गोड आहे, त्यात वाद न्हाई.

मी म्हणालो, "अक्षत, त्या बाभळीखाली काय आहे?"

"काका, मी मारतो का कुणाला? मेलेल्याच आहेत. पोल्ट्रीवाल्याचा खड्डा खणायचा खर्चा वाचतो, जनावराचं पोट भरतं. बघायला गेलं तर पुण्यच आहे."

"आणि टाकतं कोण? तू?"

"छे!" असा अंग चोरून बसला, जसं काही मी पोतं त्याच्या मांडीवर ठेवलंय. "मी त्या बाजूला जात पण न्हाई. गाडीवाला टाकून जातो. आमच्यात चालतं का ते, काका?"

शेठ, मी मटण खाणारा माणूस. बोकड कापताना बघितलंय, घोडीचं मेलेलं शिंगरू ह्या हातांनी ओढून काढलंय. मला तेव्हा किळस आली न्हाई. त्या 'छे'ची मात्र आली. हात धुतलेले, नखं कापलेली, कपाळाला केशराचा टिळा, आणि त्याच हातानं मोबाइलवर पोल्ट्रीवाल्याला सांगून राह्यला, उद्या दोन पोती जास्त.

मी म्हणालो, "मंग मी घोड्यांच्या माळा काढतो. मुक्या घोड्या ने. पाहुण्यांना काय, बसायला पाठ पाहिजे."

"काका, माळ काढली तर ते घळीतून बाहेर येणारच न्हाईत. दोन महिने लागले सवय लावायला! घोडीच्या घुंगरांबरोबर खाणं, घुंगरांबरोबर खाणं. आता कसं, माळ वाजली की हजर." आणि मला टाळी द्यायला हात पुढं केला.

मला वाटलं होतं हे आपसूक झालं असेल. त्यानं ठरवून केलंय. मी टाळी दिली न्हाई. घोड्या मात्र त्या दिवसापासून परत आणल्या, सगळ्या. त्याला सांगितलं, खोकला लागलाय घोड्यांना. तो म्हणाला, "काका, लग्नापर्यंत चांदणी बरी करा म्हणजे झालं."

आमची कारभारीण दुर्गाबाई विचारते, शेठजींना काय लिहिता एवढं? मी म्हणालो, त्यांची तब्येत विचारतोय. तेव्हा सांगा, गुडघा कसा आहे?

काकासाहेब

अंबड, २३ जानेवारी

शेठ,

ह्या वेळी हसण्यासारखं काही न्हाई, म्हणून जल्दी लिहितो.

नवरदेवाची घोडी जनरेटरच्या आवाजाला आणि झगमगाटाला बुजू नये म्हणून आठ-दहा दिवस आधी मंडपात फिरवून आणावी लागते. काल चांदणीला घेऊन गेलो. लग्नाची घोडी, म्हणून माळ घातली होती. माझंच चुकलं म्हणा, पण माळेशिवाय सजलेली घोडी मी आयुष्यात दारातून काढलेली न्हाई.

मंडपवाल्यांच्या जेवणासाठी आचारी बटाटे सोलत होते. गालिचे अंथरलेले. आणि माळ वाजली तशी ती लांडगी थेट गालिचापर्यंत आली. पिल्लं तिच्या पायात. भुकेली दिसत होती, घोड्या बंद झाल्यापासून पोती पण बंद झाली असणार. बायका ओरडल्या, आचाऱ्यांनी कढया वाजवल्या, मी चांदणीला घेऊन मागं सरलो तर ती लांडगी आमच्या मागं यायला लागली, ढोलवाल्यामागं पोरं येतात तशी. मी चाबूक उगारला तेव्हा थांबली. दात दाखवले न्हाईत. तिथंच बसली. वाट बघत.

अक्षत पांढराफटक. त्याचं बराबर आहे, लेकीचं लग्न, सहाशे माणसं येणार, लहान लेकरं येणार. मला वाटलं, आता तरी शहाणा होईल.

मी मंडपाच्या कनातीआड चांदणीला पाणी पाजत होतो. आतून त्याचा आवाज. फोनवर. "हां, वही, उसाच्या उंदराला टाकतात ते. कोंबड्यांत भरून टाका. लग्नाच्या आधी साफ झालं पाहिजे. न्हाई न्हाई, येतील, न यायला काय झालं? माळ मागवतो ना काकांकडून."

कनात किती पातळ असते ते मंडपवाल्यांना पण माहीत नसतं.

आज सकाळी कल्याण आला, नजर खाली. "मालक, अक्षतशेठनी घुंगरमाळ मागितलीय."

"घोडी कधी पाहिजे?"

"घोडी नको म्हणाले. मोकळीच माळ."

शेठ, तुम्ही माझ्या तबेल्यात बसून किती वेळा चहा प्यालात. आमच्यात माळ घोडीच्या गळ्यात जाते आणि घोडीच्या गळ्यातच परत येते. मोकळी माळ दाराबाहेर गेली म्हणजे घोडी मेली. रूपी गेली तेव्हा मी तिची माळ हातात घेऊन गल्लीतून चाललो तर बायका दारात येऊन उभ्या राह्यल्या, कुणाला सांगावं लागलं न्हाई. हे अक्षतला ठाऊक आहे. लहानपणी तोच रूपीसाठी रडला होता. त्यानं मला माझ्या जित्या घोडीची मोकळी माळ मागितली, ती पण कशासाठी? आधी हाक मारून जेवायला घालायचं, आणि जेवायची सवय लागली की त्याच हाकेनं बोलवून विष घालायचं. पिल्लांसकट. जुन्या काळी लोक लांडगा मारायचे तर कुऱ्हाड घेऊन त्याच्या मागं धावायचे, त्यात निदान धाप तरी लागायची.

माळ मी दुर्गाबाईच्या गव्हाच्या कोठीत खुपसून ठेवलीय. तिथं हात घालायची हिंमत माझीच होत न्हाई, दुसरा कोण घालतो.

आता तुम्ही म्हणाल, मंग वनखात्याला का सांगत न्हाई. सांगू शकतो. एक फोन. गाड्या येतील, मंडपात पंचनामा होईल, मुस्कानच्या मेंदीच्या दिवशी तिचा बाप पोलिसांपुढं उभा राहील. त्या पोरीला मी पहिल्यांदा घोडीवर बसवलंय. म्हणून आधी तुम्हाला. पण कायम थांबणार न्हाई, शेठ. अठ्ठावीस तारखेपर्यंत तुमची वाट बघीन, मंग फोन करीन. हा दम समजलात तरी चालेल. तुम्ही माझ्याशी बोलू नका, बिलकुल बोलू नका. त्याच्याशी बोला.

काकासाहेब

अंबड, २९ जानेवारी

मूलचंदशेठ,

तुम्ही त्याला फोनवर काय म्हणालात ते मला माहीत न्हाई. विचारणार पण न्हाई. झालं काय ते सांगतो.

माझी माळ मिळाली न्हाई तेव्हा त्यानं जालन्याहून पितळी मुलाम्याची बाजारू माळ आणवली. गाडीवाल्यानं विषाच्या कोंबड्या बाभळीखाली टाकल्या आणि उभा राहून माळ खुळखुळवली. लांडगे आले न्हाईत. येतील कसे? माझी माळ काशाची, गोल बोलते. ती पत्र्याची, नाकातून बोलते. त्यांना माझ्याइतकेच कान आहेत. आले कोण, तर दोन घारी आणि शेजारच्या वस्तीवरचं एक कुत्रं. कुत्रं फेस गाळत मंडपाच्या कमानीपर्यंत आलं आणि फुलवाल्याच्या पाटीवर पडलं. झेंडूत. मी ते बघितलं. त्यानंतर दोन दिवस जेवणावर वासना न्हाई झाली, दुर्गाबाईनं वरणभात पुढं ठेवला तरी त्यात झेंडू दिसायचा.

मी सत्तावीसला सकाळी कल्याणला घेऊन निघालो, म्हटलं निदान राह्यलेलं गोळा करून पुरू. तर बाभळीखाली अक्षत. एकटा. पायात रबरी बूट, हातात प्लास्टिकचे मोजे, तोंडाला लेकीची ओढणी बांधलेली. वाकून एकेक कोंबडी उचलून पोत्यात टाकत होता. उचलायचा, मंग बाजूला जाऊन ओकायचा, परत यायचा.

कल्याण पुढं व्हायला लागला. "शेठ, द्या, मी करतो."

"नको." मंग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाबूजी म्हणाले, स्वतःच्या हातानं. दुसऱ्यानं एक जरी उचलली तर लग्नाला येणार न्हाईत."

आम्ही दोघांनी खड्डा खणला. तेवढं तुमच्या शब्दात मोडत न्हाई असं मी धरलं. चुना टाकला. तो काठावर बसून राह्यला, माशा त्याच्या बाहीवर. म्हणाला, "काका, अंघोळ केली तरी जाईल का हा वास?" मी म्हणालो, "जाईल. उशिरा जाईल." खोटं का बोलू?

पण शेठ, काम पुरं झालं न्हाई. कुत्र्यांनी काही कोंबड्या ओढून गवतात नेल्यात. आम्ही पुष्कळ हुडकल्या, सगळ्या सापडल्या असं मी छातीला हात लावून सांगणार न्हाई. लांडगे घळीतच आहेत, भुकेले आहेत. आणि नवरदेवाची मंडळी उतरणार पाहुण्यांच्या खोल्यांत, म्हणजे चांदणी त्याला घेऊन बाभळीवरूनच मंडपाला येणार. बँडवाल्यांची गाडी माळावर चढत न्हाई, ते कमानीपाशी उभे. तोपर्यंतच्या रस्त्यानं एकच आवाज असेल, माझ्या माळेचा. ती वाजली की लांडगी पिल्लं घेऊन बाभळीखाली येणार, काही न्हाई मिळालं की गवत हुंगणार. आपण कोंबड्या पुरल्या त्याचा मंग काय उपयोग?

मी अक्षतला म्हणालो, चांदणी मुकी आणतो. तर परत जुना अक्षत. "मुकी घोडी? माझ्या मुलीच्या तोरणाला? व्याही काय म्हणतील, मयताची घोडी आणली?"

ह्यात त्याचं चूक न्हाई. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. मला पण नको वाटतंय. मुस्कानला पुढं काही झालं, साधी सर्दी झाली, तरी माझ्या मनात येईल की तिच्या तोरणाला मी मुकी घोडी नेली.

म्हणून हे तुम्ही ठरवा. तुम्ही घरातले थोरले. माळ मी पिशवीत घालून आणीन आणि घोडी निघायच्या वेळी तुमच्यापुढं धरीन. बांधा म्हणालात तर बांधीन, शब्द करणार न्हाई. बोलायची गरज न्हाई. हातानं खूण केली तरी मला कळेल.

काकासाहेब

अंबड, ४ फेब्रुवारी

मूलचंदशेठ,

तुम्ही पुण्याला पोचलात असं अक्षतकडून कळलं. चार दिवस विश्रांती घ्या. त्या गुडघ्यावर एवढं चालायला नको होतं.

लग्नात आपण बोललो न्हाई, म्हणून जे तुम्ही पुढं बघत होता आणि मी मागून ऐकत होतो, ते लिहून टाकतो.

मी पिशवी तुमच्यापुढं धरली. तुम्ही माळ बाहेर काढली तेव्हा ती वाजली, आणि तुम्ही एकदम उपरणं तिच्यावर टाकलं, तान्ह्या लेकराच्या तोंडावर पदर टाकतात तसं. मला वाटलं, पिशवीत परत ठेवाल. तुम्ही ती उपरण्यात गुंडाळली, पोटाशी दोन्ही हातांनी आवळून धरली आणि चांदणीच्या पुढं चालायला लागलात. काठी पण घेतली न्हाई. काठीला हात कुठला उरला होता.

अक्षत धावत आला, "बाबूजी, गाडीत बसा." तुम्ही ऐकलं न्हाई. नवरदेव घोडीवर, मी लगामाला, मागं सत्तर-ऐंशी माणसं, आणि कुणालाच कळेना की बोलावं की गप्प राहावं. चांदणीच्या टापा तेवढ्या. मी आयुष्यात हजारभर वराती केल्या असतील, अशी वरात केली न्हाई. बाभळ आली तेव्हा माझ्या मानेवर घाम. घळीकडं बघायचं न्हाई असं ठरवलं होतं, बघितलं. काही हललं न्हाई.

तिथंच नवरदेवाचे मामा पुढं आले. ते तुम्हाला म्हणाले, "सेठजी, घोडी इतकी गप्प कशी?"

तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं अशीच येते."

साफ खोटं, शेठ! सात पिढ्यांत कुणाकडं अशी आली न्हाई. मामांनी मान डोलावली, त्यांच्यामागं दोघाचौघांनी डोलावली, एका बाईनं तर मला विचारलं की ही जांब समर्थकडची रीत आहे का. मी म्हणालो, जुनी आहे. चार वर्षांनी तुमचा आवाज ऐकला, तो पण दुसऱ्याशी बोलताना. थोडा बसलाय. आल्याचा काढा घ्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बँड लागला, बायकांनी चांदणीला चण्याची डाळ चारली, नवरदेवानं घोडीवरूनच मंडपाच्या दारावरचं तोरण मारलं. मुस्कान छान दिसत होती. जेवणात मला तुमच्या ओळीत पान मांडलं होतं, ते कुणी मांडायला सांगितलं ते मी विचारलं न्हाई. तुम्ही ह्या वेळी ताटावरून उठला न्हाईत. मी पण तोंड बंद ठेवलं, जिलेबीपुरतं उघडलं.

तुम्ही गाडीत बसलात तेव्हा एक घुंगरू वाजलं. एकच. तुम्ही लगेच त्यावर हात दाबलात. जनरेटर चालू होता, पोरं ओरडत होती, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल. मला गेलं.

माळ राहू द्या तुमच्याकडं. दुर्गाबाई म्हणते, मोकळी माळ गेली, घोडीला काही होईल. मी तिला म्हणालो, मोकळी कुठं गेली, शेठजींच्या पोटाशी गेली.

काल दिवस उजाडल्यावर मी चांदणीवर बसून माळावर गेलो. एकटा, मुक्या घोडीवर. मंडपवाले बांबू काढत होते. पत्रावळींवर कावळे, बाटल्या, कुणीतरी लांडग्यासाठी म्हणून बाभळीखाली गुलाबजाम टाकून गेलेलं. हात जोडावेत अशी माणसं आहेत. उतरून ते सगळं मातीत घातलं.

वर बसलो आणि बघतो तर लांडगी घळीच्या काठावर. पिल्लं मोजली, तिन्ही होती. माळ वाजली न्हाई तरी घोडी ओळखून उभी होती, माझ्या हातांकडं बघत. शेपूट खाली. मी तिला शिवी दिली, शेठ, तुमच्यापुढं लिहिता येणार न्हाई अशी. चाबूक कडाडला, चांदणी तिच्या अंगावर घातली, ओरडत, ह्या वयात. ती दोन पावलं सरली आणि परत थांबली, की हा माणूस असं का करतोय. मी पुन्हा घातली. उतरून दगड उचलले, परत वर बसून मारले. एक तिच्या बरगडीला लागला. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि ओठ वर ओढून दात दाखवले. गुरगुरली. खालच्या पट्टीत, छातीतून. लांडग्याला असा पण आवाज असतो हे मी विसरूनच गेल्तो.

मंग पिल्लांना पुढं घालून घळीत उतरली.

आणि चांदणीचे कान ताठ झाले. मानेवरून जो काटा निघाला तो खोगिराखालून माझ्या मांड्यांपर्यंत आला. सगळं अंग थरथरत होतं तिचं, फुरफुरत होती, पाय जमिनीवर ठरत नव्हते. मी तिच्या मानेवर थाप मारली आणि म्हणालो, शाब्बास.

तुमचा
काकासाहेब